मीठ उसवणारं यंत्र

आंबटातून आम्ल काढायची जुनी रीत कार्ल शेलेची. १७८४ साली त्याने लिंबाच्या रसात चुना घातला, खाली बसलेला क्षार गंधकाम्लाने फोडला आणि सायट्रिक आम्लाचे स्फटिक मिळवले. अचलपूर-परतवाड्याकडे संत्र्याच्या बागा कितीही असोत, सरबतात पडणारी सायट्रिकची भुकटी आता फळातून येत नाही. ती साखरेवर वाढवलेल्या काळ्या बुरशीची देणगी. शेलेची रीत मात्र कारखान्यांत अजून टिकून आहे.

लॅक्टिक आम्लाचंही तेच. आंबवणाच्या टाकीत आम्ल साचलं की जीवाणू मंदावतात, म्हणून चुना घालत राहावं लागतं. टाकीतून निघतं ते कॅल्शियम लॅक्टेट. गंधकाम्लाने ते फोडलं की एक टन आम्लामागे जवळपास एक टन जिप्सम उरतं, तेही ओलं आणि मळकं.

यावरचा दुसरा उपाय म्हणजे द्विध्रुवी पटलांचं इलेक्ट्रोडायलिसिस. चुन्याऐवजी कॉस्टिक सोडा वापरायचा आणि तयार झालेलं सोडियम लॅक्टेट पातळ पटलांच्या थप्पीतून न्यायचं. थप्पीच्या दोन टोकांना वीज. काही पटलं फक्त धन आयनांना वाट देतात, काही फक्त ऋण आयनांना. मधलं द्विध्रुवी पटल पाण्याचेच हायड्रोजन आणि हायड्रॉक्सिल असे दोन भाग करतं. लॅक्टेटला हायड्रोजन मिळून आम्ल होतं. सोडियमला हायड्रॉक्सिल मिळून पुन्हा सोडा, तो परत टाकीत. गंधकाम्ल नाही, जिप्सम नाही. खर्च विजेचा: दर कप्प्याला २ व्होल्ट धरले, तर टनामागे आदर्श हिशेबानेच सुमारे ६०० युनिट. प्रत्यक्षात त्याहून जास्त लागतात.

या यंत्राचा मोठा वैरी कॅल्शियम. पाण्यात किंचित जरी राहिला, तरी पटलात पांढरा साका धरतो आणि महागडी थप्पी बाद होते. म्हणून द्रावण आधी अगदी मऊ करून घ्यावं लागतं.

वऱ्हाडात या हिशेबाला गंमतशीर वळण लागतं. अचलपूरहून दक्षिणेला उतरलं की पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. तिथल्या चोपण काळ्या जमिनीत सोडियम घट्ट बसलेला, पाऊस पडला की चिखल, सुकलं की ढेकूळ. त्यावरचा उतारा जिप्सम! त्यातला कॅल्शियम सोडियमची जागा घेतो. सुटलेला सोडियम वाहून जायला निचरा मात्र हवा. यंत्र ज्याला कचरा म्हणून टाळतं, त्याची इथल्या शेतकऱ्याला गरज आहे. आम्लाच्या कारखान्यातलं जिप्सम धुऊन, तपासून रानात घालता आलं, तर यंत्राच्या बाजूचा सगळ्यात मोठा मुद्दा इथे निम्मा होतो.

मला वाटतं, या मुलखाला त्या थप्पीचं थोरलं भावंड जास्त उपयोगी. द्विध्रुवी पटल काढलं की उरतं ते खारं पाणी गोडं करणारं साधं इलेक्ट्रोडायलिसिस. १९५४ साली सुरू झालेल्या भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने त्याची पटलं देशातच घडवली. कमी-मध्यम खारटपणाला ते परवडतं. फक्त वेगळं काढलेलं खारं पाणी पुन्हा नाल्यात सोडलं, तर ते परत त्याच जमिनीत मुरणार.