गेम अपडेट झाला की मॉड्स का बंद पडतात? आणि जुनं मॉड ओळखायचं कसं?

एप्रिल २०२४ मध्ये 'फॉलआउट' ही वेब सिरीज आली आणि २०१५ सालचा 'फॉलआउट ४' लोकांनी पुन्हा खेळायला घेतला. त्याच महिन्याच्या २५ तारखेला बेथेस्डानं या गेमला मोठं अपडेट दिलं. पण पीसीवर मॉड्स लावून खेळणाऱ्या अनेकांचा गेम त्यानंतर धड सुरूच होईना.

सगळ्यात मोठा फटका बसला तो 'फॉलआउट: लंडन'ला. चाहत्यांनी काही वर्षं खपून बनवलेलं हे मॉड २३ एप्रिलला येणार होतं. ते लांबलं आणि थेट २५ जुलैला आलं. तेही कसं? तर आधी गेम जुन्या व्हर्जनवर न्या, मगच मॉड चालेल.

असं का होतं?

तर मॉड्स दोन जातीची असतात. काही फक्त चित्रं किंवा कपडे बदलतात. अशी मॉड्स दहा वर्षं जुनी असली तरी बहुतेक वेळा बिनधास्त चालतात. दुसरी मॉड्स 'स्क्रिप्ट एक्स्टेंडर' नावाच्या टूलवर उभी असतात. हे टूल गेमच्या मुख्य फाइलमध्ये घुसून ठरावीक जागेवरचा कोड वापरतं. अपडेट आलं की त्या जागा बदलतात. चाळ पाडून टॉवर उभा राहिला आणि पोस्टमन मात्र अजून 'दुसरा मजला, खोली नंबर १४' शोधतोय, अशी गत होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये 'स्कायरिम'चं हेच झालं होतं.

म्हणून मॉड शेवटचं कधी अपडेट झालं, एवढंच बघून काही कळत नाही. ते गेमच्या कोणत्या व्हर्जनसाठी आहे आणि त्याला आणखी कोणती मॉड्स लागतात, हे मॉडच्या पानावर लिहिलेलं असतं. खाली लोकांच्या तक्रारीही असतात, त्यातल्या ताज्या आधी वाचा. डाउनलोडचा आकडा मात्र फसवा; तो गेम बदलण्याआधीचाही असू शकतो.

मॉड्स एकेक करून टाका. वीस एकदम टाकली आणि गेम क्रॅश झाला, तर गुन्हेगार शोधण्यात रविवार जाईल. स्टीमवर गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये 'गेम सुरू करतानाच अपडेट करा' असा पर्याय आहे, तो निवडला की तुमच्या नकळत अपडेट बसत नाही.

आणि खेळ अर्ध्यावर असताना स्क्रिप्टवालं मॉड काढून टाकू नका. मॉड जातं, पण 'स्कायरिम'सारख्या गेममध्ये त्याच्या स्क्रिप्टचे अवशेष सेव्ह फाइलमध्ये राहतात. शंभर तासांचा खेळ मग कधी दगा देईल सांगता येत नाही. त्यामुळे सेव्हचं फोल्डर आधी दुसरीकडे कॉपी करून ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे.

गेम क्रॅश होणं तरी परवडलं. जून २०२३ मध्ये 'माइनक्राफ्ट'च्या काही मॉड्समधून 'फ्रॅक्चरायझर' नावाचा व्हायरस पसरला. तो ब्राउझरमधली लॉगिनची माहिती चोरायचा, डिस्कॉर्ड आणि माइनक्राफ्टची खाती पळवायचा. तो कुठल्या अनोळखी साइटवरून आला नव्हता. कर्सफोर्जसारख्या नावाजलेल्या साइटवरची काही खाती हॅक करून तिथल्याच मॉड्समध्ये तो घुसवला होता. त्यामुळे घरातली मुलं माइनक्राफ्ट खेळत असतील, तर नवीन आलेलं मॉड पहिल्याच दिवशी न टाकता थोडे दिवस थांबलेलं बरं.