विटांच्या आवारातील दोन वर्षे

व्यवस्थापन शिक्षणसंस्थांच्या बातम्या आपल्याकडे वर्षातून प्रामुख्याने दोन वेळा येतात. 'कॅट' ही सामाईक प्रवेश परीक्षा होते तेव्हा पहिली, आणि कंपन्या मुलाखतींसाठी येऊन कोणाला किती वेतन मिळाले याचे आकडे जाहीर होतात तेव्हा दुसरी. या दोहोंच्या मधल्या काळात तेथील विद्यार्थी नेमके काय करतात, कसे शिकतात, कोणाला भेटतात, याची माहिती सर्वसामान्य वाचकापर्यंत फारशी पोहोचत नाही. अलीकडच्या वर्षांत सुमारे तीन लाख उमेदवार 'कॅट'साठी नोंदणी करतात. त्या सर्वांच्या घरी या प्रश्नाचे उत्तर हवे असते. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेच्या उदाहरणावरून ते समजून घेता येईल.

देशातील पहिल्या दोन भारतीय व्यवस्थापन संस्था १९६१ साली, एका महिन्याच्या अंतराने स्थापन झाल्या. नोव्हेंबरमध्ये कोलकात्याची आणि ११ डिसेंबर रोजी अहमदाबादची. गुजरात राज्य तेव्हा अवघे दीड वर्षाचे होते. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि कापडगिरण्यांचे मालक यांना एकत्र आणण्याचे काम डॉ. विक्रम साराभाई व कस्तुरभाई लालभाई यांनी केले. अंतराळ कार्यक्रमाची पायाभरणी करणारे साराभाई हेच या संस्थेचे पहिले मानद संचालक होते. गिरणी कामगारांच्या मानसशास्त्राचा अभ्यास केलेल्या कमला चौधरी या पहिल्या प्राध्यापिका. अमेरिकेतील हार्वर्ड बिझनेस स्कूलशी सहकार्याचा करार झाला आणि त्यातूनच संस्थेने आपली अध्यापनपद्धती घेतली. पदव्युत्तर अभ्यासक्रमाची पहिली तुकडी १९६४ मध्ये दाखल झाली. पुढे जगभर गाजलेले सी. के. प्रल्हाद याच तुकडीतले.

केस म्हणजे काय?

या संस्थेतील दिनक्रम ज्या एका गोष्टीभोवती फिरतो तिचे नाव 'केस'. शब्द परिचित असला तरी त्याचा येथील अर्थ समजावून घेणे आवश्यक आहे. केस म्हणजे एखाद्या खऱ्या संस्थेतील निर्णयाच्या क्षणाचे दहा-वीस पानी वर्णन, सोबत ताळेबंद, तक्ते आणि पत्रव्यवहार. समजा, एका दूध संघाच्या व्यवस्थापकापुढे प्रश्न आहे की उन्हाळ्यात दूध कमी पडते म्हणून खरेदीचा दर वाढवावा, की शेजारच्या जिल्ह्यातून दूध आणावे. दर वाढवला तर तो पावसाळ्यात पुन्हा खाली आणता येईल काय? बाहेरचे दूध आणले तर सभासद काय म्हणतील? केस येथे थांबते. उत्तर शेवटच्या पानावर नसते.

विद्यार्थ्याने ती आदल्या रात्री वाचायची, चार-सहा जणांच्या अभ्यासगटात तिची चिरफाड करायची आणि सकाळी स्वतःचा निर्णय घेऊन वर्गात यायचे. वर्गाची रचना अर्धवर्तुळाकार, बाके पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत गेलेली, प्रत्येकासमोर नावाची पाटी. प्राध्यापक खालच्या मोकळ्या जागेत उभे राहतात आणि व्याख्यान न देता थेट एखाद्याचे नाव घेऊन विचारतात की, तुम्ही त्या व्यवस्थापकाच्या जागी असता तर काय केले असते? पुढचा तासभर वर्गच एकमेकांशी वाद घालतो. वर्गातील सहभागालाही गुण असतात. शिवाय श्रेणी इतरांच्या तुलनेत ठरते, म्हणजे सत्तर गुण चांगले की वाईट हे शेजाऱ्याला किती मिळाले त्यावर अवलंबून असते. आजवर प्रत्येक वर्गात पहिला आलेला मुलगा येथे पहिल्याच सत्रात मधल्या रांगेत जाऊन बसतो, आणि हा धक्का पचवणे हाच पहिल्या वर्षाचा अलिखित विषय होय.

पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला येथील बोलीत 'फच्चा' म्हणतात, दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला 'तुच्चा'. फच्चांच्या वाट्याला अचानक जाहीर होणाऱ्या चाचण्या येतात आणि लेखी विश्लेषणाचे अहवालही येतात. अहवाल ठरलेल्या मिनिटाच्या आत पेटीत पडला पाहिजे, एवढाच नियम. परिणामी शेवटच्या काही मिनिटांत हातात कागद घेऊन वसतिगृहातून जिवाच्या आकांताने पळत सुटणारी मुले आणि वाटेत त्यांच्यावर पाणी ओतायला टपलेले वरिष्ठ, हे दृश्य अनेक तुकड्यांच्या आठवणीत कायमचे राहिले आहे. व्यवस्थापन शिकणाऱ्यांना वेळेचे व्यवस्थापन जमत नाही, ही गंमत येथील कोणाच्याही नजरेतून सुटत नाही.

या पद्धतीचे गोडवे पुष्कळ गायले जातात, परंतु तिच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. बोलण्याला गुण असले की बोलण्यासाठी बोलणे सुरू होते. ज्यांचे शालेय शिक्षण इंग्रजीत झाले त्यांचा हात आधी वर जातो. लहान गावातून, मातृभाषेतून शिकून आलेल्या विद्यार्थ्याच्या मनात मुद्दा असतो, पण वाक्य जुळेपर्यंत चर्चा पुढे गेलेली असते. दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. केसमध्ये सारी माहिती कागदावर हजर असते. जगात ती कोणीतरी उन्हातान्हात जाऊन गोळा करावी लागते, आणि ज्याच्याकडे ती असते तो माणूस बहुधा केस लिहीत नाही.

ओसरी, अंगण आणि चहा

संस्थेचा जुना परिसर अमेरिकन वास्तुविशारद लुई कान यांनी रचला. त्यांना येथे आणले बाळकृष्ण दोशी यांनी, तर पुढील काम अनंत राजे यांनी पाहिले. उघड्या विटांच्या भिंती, त्यांतील मोठमोठी वर्तुळाकार भोके, सावलीचे खोल पट्टे. विद्यार्थी वर्गात जेवढे शिकतो तेवढेच वर्गाबाहेरच्या ओसरीत शिकतो, अशी कान यांची धारणा होती आणि म्हणूनच येथे बोळ व अंगणे इतकी प्रशस्त आहेत. मार्च १९७४ मध्ये अहमदाबादहून परतताना न्यूयॉर्कच्या रेल्वे स्थानकात त्यांचे निधन झाले. मधल्या विस्तीर्ण चौकाला आज त्यांचेच नाव आहे.

दोशी मूळचे पुण्याचे. २०१८ साली त्यांना वास्तुकलेतील प्रित्झकर पुरस्कार मिळाला. मुंबईच्या वास्तुविशारद ब्रिंदा सोमय्या यांच्या संस्थेने येथील ग्रंथालयाचा जीर्णोद्धार केला आणि त्या कामाला २०१९ मध्ये युनेस्कोचा सन्मान लाभला. मात्र २००१ च्या भूकंपाने, गळतीने आणि विटांच्या आत गंजलेल्या लोखंडाने वसतिगृहे खिळखिळी झाली होती. डिसेंबर २०२० मध्ये संस्थेने १८ पैकी १४ वसतिगृहे पाडण्याचे ठरवले. जगभरातून निषेध झाल्यावर काही दिवसांतच, १ जानेवारी २०२१ रोजी, तो निर्णय मागे घेतला गेला. २०२२ मध्ये पुनर्बांधणीची गरज पुन्हा मांडण्यात आली. वास्तुप्रेमींना इमारत हवी असते. रात्री दोन वाजता पाहुण्या कंपनीचा ताळेबंद वाचत बसलेल्याला डोक्यावरून प्लास्टर पडू नये एवढेच हवे असते. दोघांचेही म्हणणे खरे आहे, म्हणूनच हा वाद सोपा नाही.

प्रवेशद्वाराबाहेरची चहाची टपरी ही मात्र कोणत्याही आराखड्यात नव्हती. केसवरचे उरलेसुरले वाद तेथे मिटतात, किंवा वाढतात. हैदराबादच्या मराठी घरात वाढलेले क्रिकेट समालोचक हर्षा भोगले १९८५ मध्ये याच संस्थेतून बाहेर पडले. अभ्यासक्रमाने ज्याची कल्पनाही केली नव्हती अशा वाटेला जाणारे त्यांच्यासारखे जवळपास प्रत्येक तुकडीत असतात.

पाहुणे

व्यवस्थापन संस्थांमध्ये पाहुण्यांची वर्दळ नेहमीची. बहुतेक भाषणे विद्यार्थी महिन्याभरात विसरतात. सप्टेंबर २००६ मध्ये तत्कालीन रेल्वेमंत्री लालूप्रसाद यादव यांनी अहमदाबादला दिलेली भेट विसरली गेली नाही. तोट्याकडे चाललेली रेल्वे भाडेवाढ न करता नफ्यात कशी आली हे त्यांनी आपल्या खास शैलीत सांगितले. मालगाड्यांत डब्यामागे अधिक वजन भरणे आणि डबे लवकर रिकामे करून पुन्हा वापरात आणणे, हा त्यातील कळीचा भाग होता. संस्थेचे प्रा. जी. रघुराम यांनी या बदलाचा स्वतंत्र अभ्यास केला. गोष्ट येथे संपत नाही. डिसेंबर २००९ मध्ये, ममता बॅनर्जी रेल्वेमंत्री असताना, श्वेतपत्रिका निघाली आणि त्या नफ्याच्या मांडणीवरच आक्षेप घेतला गेला. एकच हिशेब दोन प्रकारे वाचता येतो हे शिकवायला याहून चांगली केस शोधून सापडणार नाही.

मराठी वाचकांना अधिक जवळचे पाहुणे म्हणजे मुंबईचे डबेवाले. मावळ, खेड, जुन्नर, आंबेगाव या भागांतून आलेल्या या मंडळींचे प्रतिनिधी देशातील अनेक व्यवस्थापन संस्थांत व्याख्याने देऊन आले आहेत. डब्याच्या झाकणावरील रंगीत खुणा आणि आकडे एवढ्यावर चालणारी त्यांची व्यवस्था २०१० मध्ये हार्वर्डमध्ये केस म्हणून लिहिली गेली. त्यांना 'फोर्ब्ज' नियतकालिकाने 'सिक्स सिग्मा' प्रमाणपत्र दिल्याचे आजही सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात असे प्रमाणपत्र कधीच दिले गेले नव्हते. आणि त्याची आवश्यकताही नाही. डबा कोणाचा हे ओळखणारा, त्याच गल्लीत वर्षानुवर्षे फिरणारा, एकाच समाजाच्या व एकाच गावच्या माणसांपुढे उत्तरदायी असणारा कामगार ही या व्यवस्थेची खरी ताकद आहे. कोविडकाळात कार्यालये बंद पडली तेव्हा हीच माणसे गावी परतली आणि त्यांतील बऱ्याच जणांचा धंदा पूर्वीसारखा उभा राहिला नाही. टाळ्या वाजवणाऱ्या वर्गांनी हा भागही अभ्यासला पाहिजे.

पायी चालण्याचा अभ्यासक्रम

केसमध्ये न लिहिला जाणारा माणूस शोधण्याचा सर्वांत चिकाटीचा प्रयत्न याच संस्थेतील प्रा. अनिल गुप्ता यांनी केला. गावोगावच्या शेतकऱ्यांकडून, कारागिरांकडून ज्ञान घेऊन आपण शोधनिबंध लिहितो, पण त्यांना त्यातले काहीच परत मिळत नाही, या अस्वस्थतेतून १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी 'हनी बी' या नावाने एक जाळे उभारले. मधमाशी मध घेते तेव्हा फूल दरिद्री होत नाही, हा त्या नावामागील विचार. ज्याचे ज्ञान त्याचे नाव, आणि त्याच्याच भाषेत त्याला परतफेड, हा नियम. १९९८ पासून 'शोधयात्रा' सुरू झाल्या: उन्हाळ्यात तापलेल्या प्रदेशातून आणि हिवाळ्यात थंड प्रदेशातून गावागावांत पायी प्रवास. पुढे याच नावाचा अभ्यासक्रम संस्थेत आला आणि ज्यांना लवकरच वातानुकूलित कार्यालयात बसायचे आहे ते विद्यार्थी पाठीवर पिशवी घेऊन डोंगराळ गावांतून चालू लागले.

तेथे त्यांना भेटणारी माणसे कशी असतात? वांकानेरचे कुंभार मनसुखभाई प्रजापती हे एक उदाहरण. २००१ च्या भूकंपानंतर एका वृत्तपत्राने फुटलेल्या माठाचे छायाचित्र छापून त्याला गरिबाचा फ्रिज म्हटले होते. त्यावरून त्यांनी विजेशिवाय भाजी व दूध थंड ठेवणारे मातीचे कपाट खरोखरीच तयार केले. अमरेली जिल्ह्यातील मनसुखभाई जगानी यांनी मोटारसायकलला नांगर जोडला, कारण दुष्काळात बैल पोसणे परवडत नव्हते. अशा माणसापुढे उभा असलेला विद्यार्थी बाजारपेठेचे विभाजन वगैरे शब्द वापरू शकत नाही. त्याला साधे प्रश्न विचारावे लागतात आणि उत्तर येईपर्यंत थांबावे लागते. वर्गात गुण मिळवून देणारी सवय येथे नेमकी उलटी पडते.

कर्ज आणि निवड

भेट कितीही प्रेरक असली तरी परतल्यावर कर्जाचा हप्ता समोर असतो. फेब्रुवारी २००४ मध्ये केंद्र सरकारने या संस्थांचे वार्षिक शुल्क सुमारे दीड लाखावरून तीस हजारांवर आणण्याचा आदेश काढला होता. स्वायत्ततेच्या मुद्द्यावर मोठा वाद झाला आणि त्याच वर्षी सरकार बदलल्यावर आदेश मागे पडला. आज अहमदाबादच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचे शुल्क २५ लाख रुपयांच्या वर आहे. शिष्यवृत्त्या आहेत, बँका तत्परतेने कर्जही देतात, परंतु कर्ज घेतलेल्या मुलाला कमी वेतनाचे काम निवडणे अवघड जाते हे सांगायला अर्थशास्त्राची गरज नाही. स्वतःचा उद्योग काढणाऱ्यांना पुढील दोन वर्षांत पुन्हा मुलाखतींना बसता येईल, अशी सोय संस्थेने केली ती याच कारणासाठी.

या पार्श्वभूमीवर चेन्नईच्या शरतबाबू एळुमलै यांचा निर्णय पाहावा लागतो. आईने इडल्या विकून वाढवलेला, झोपडवस्तीतून आलेला हा तरुण २००६ साली येथून उत्तीर्ण झाला, चालून आलेली नोकरी नाकारली आणि खानपान सेवेचा व्यवसाय सुरू केला. त्या वर्षी वर्तमानपत्रांनी ही कथा भरभरून छापली. मात्र त्याच्याच घरची परिस्थिती असलेल्या दुसऱ्या एखाद्याने नोकरी स्वीकारून आधी घराचे छप्पर नीट केले असेल, तर तोही निर्णय तितकाच विचारपूर्वक घेतलेला असू शकतो.

संस्थेच्या इतिहासात पद सोडण्याचे उदाहरण पहिल्या पूर्णवेळ संचालकांनीच घालून दिले. रवी मथाई १९६५ मध्ये संचालक झाले तेव्हा चाळिशीही ओलांडली नव्हती. एक कारकीर्द पूर्ण होताच, १९७२ मध्ये, त्यांनी पद सोडले आणि त्याच संस्थेत साधे प्राध्यापक म्हणून राहिले. संचालकपद ही बढती नसून काही काळापुरते काम आहे, असा त्यामागील विचार होता. त्यानंतर ते राजस्थानच्या अजमेर जिल्ह्यातील जवाजा या दुष्काळी भागात गेले. तेथील चर्मकार आणि विणकर व्यापाऱ्यांच्या दयेवर जगत होते. मथाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, अहमदाबादच्याच राष्ट्रीय रचना संस्थेच्या मदतीने, या कारागिरांसोबत माल, रचना, हिशेब आणि विक्री यांचे शिक्षण चालवले. उद्देश असा की बाहेरून आलेल्यांची गरज हळूहळू संपावी. हे काम वर्गातल्या केसपेक्षा फार संथ गतीने पुढे सरकले. १९८४ मध्ये मथाई यांचे निधन झाले. जवाजाच्या कारागिरांनी आपली संघटना चालू ठेवली आणि त्यांच्या चामड्याच्या पिशव्या व हातमागाचे विणकाम पुढेही शहरांतून विकले जात राहिले.