रेक्विएमचे संगीत आणि ध्वनिमुद्रिका

कुंडलिका खाडीच्या उत्तर तीरावर, रेवदंड्याच्या कोटात, डोमिनिकन पंथाच्या चर्चच्या भग्न भिंती आजही उभ्या आहेत. समोरच्या तीरावर कोर्लई गाव वसले आहे. १७४० साली चौल मराठ्यांच्या स्वाधीन झाले व पोर्तुगीजांची सत्ता येथून उठली. परंतु कोर्लईचा ख्रिस्ती समाज तेथेच राहिला, आणि पोर्तुगीज व मराठी यांच्या सहवासातून घडलेली बोली त्याने टिकविली. या किनाऱ्यावर शतकानुशतके लॅटिन भाषेत मिस्साविधी होत असे. त्या गायनाचे पाषाणमय मंदिर काही अंशी उरले, स्वर मात्र लोपला. कारण स्वर साठविण्याचे यंत्र एडिसनने १८७७ साली प्रथम सिद्ध केले.

मिस्साविधी ही कॅथलिकांची प्रमुख उपासना होय. तिच्या संगीताची नित्याची अंगे पाच. ‘कीरिए’ ही दयेची याचना, ‘ग्लोरिया’ ही ईशस्तुती, ‘क्रेदो’ हा श्रद्धेचा उच्चार, ‘सांक्तुस’ हा पावित्र्याचा घोष आणि ‘आग्नुस देई’ ही देवाच्या कोकरास केलेली विनवणी. मृतांसाठी विधी असेल तेव्हा स्तुती व श्रद्धोच्चार गळतात. अखेरच्या विनवणीत ‘आम्हांवर दया कर’ या शब्दांऐवजी ‘त्यांस विश्रांती दे’ असे शब्द येतात. रेक्विएम या शब्दाचा अर्थही विश्रांती हाच.

शब्द बहुतांशी तेच, पण रचनाकारांची दृष्टी निरनिराळी. मोझार्ट १७९१ साली आपला रेक्विएम अपुरा ठेवून निवर्तला. तो त्याच्या शिष्याने पूर्ण केला. व्हेर्दीने १८७४ च्या रचनेत अंतिम न्यायाच्या दिवसाचा थरकाप ढोल-तुताऱ्यांनी उभा केला. फोरे याने मात्र त्या भयाच्या दीर्घ पद्याचा केवळ अखेरचा सौम्य चरण घेतला. त्यामुळे त्याच्या संगीतात मृत्यू हा विसाव्यासारखा भासतो.

ध्वनिमुद्रिका ऐकताना हे भेद ध्यानी घ्यावेत. स्त्रियांचे उंच व मध्यम आणि पुरुषांचे मध्यम व खर्ज असे चार आवाज केव्हा एकमेकांमागून येतात, केव्हा एकवटतात, याकडे कान द्यावा. मात्र एका गोष्टीचे विस्मरण होऊ नये : मुद्रिकेत विधीतील मौन, घंटानाद व शोकाकुल आप्तजन नसतात.

१९६२ ते १९६५ या काळातील व्हॅटिकन परिषदेनंतर उपासनेत लोकभाषांना स्थान मिळाले, आणि कोर्लईच्या चर्चमध्ये मराठी आली. जुने लॅटिन गायन ज्यांनी बालपणी ऐकले, ते आज वृद्ध झाले आहेत. मोझार्टच्या रेक्विएमच्या मुद्रिका जगात कोठेही मिळतील. या वृद्धांच्या कंठातील स्वर त्यांच्या हयातीतच मुद्रित झाला, तरच उरेल.