कच्चा कैदी आणि न संपणारी तारीख

जिल्हा न्यायालयाच्या पायऱ्यांवर एक बाई बसल्या होत्या. हातात प्लॅस्टिकची पिशवी. तिच्यात मुलाचा एक शर्ट, बिस्किटांचा पुडा, गोळ्यांची दोन पाकिटं आणि घड्यांवर फाटत आलेली डॉक्टरांची चिठ्ठी. मुलाची तारीख होती. दुपारी साडेतीनला कळलं की पोलीस पार्टी मिळाली नाही, आज आरोपींना आणलेलंच नाही, पुढची तारीख पडली आहे. त्या मला म्हणाल्या, "अजून शिक्षा कुठं झालीय त्याला? मग एवढं कसलं घेतलंय मनाला? फोनवर नुसता रडतो. झोपच लागत नाही म्हणतो."

शिक्षा झाली की खरा त्रास सुरू, तोवर नुसतं थांबायचं, हा समज त्या माउलीचा एकटीचा नाही. शिकल्यासवरल्या घरांतूनही मी तो ऐकला आहे. तुरुंगाच्या आत मात्र गोष्ट बहुतेक वेळा उलटी असते.

शिक्षा झालेल्या, म्हणजे पक्क्या कैद्याला आपला आकडा ठाऊक असतो. सात वर्षं तर सात वर्षं. त्यातून माफीचे दिवस वजा होतात, संचित रजा (फर्लो) आणि अभिवचन रजा (पॅरोल) नियमात बसली तर मिळते, काम मिळतं, कामाची मजुरी जमा होते. तो दिवस उलटे मोजू शकतो. कच्च्या कैद्याच्या अंगावर कपडे स्वतःचे असतात, पण मोजायला त्याच्याकडे काहीच नसतं. माफी नाही, फर्लो-पॅरोल नाही, सक्तीचं काम नाही. म्हणजे दिवस रिकामा. पुढची तारीख कळते, शेवटची कळत नाही. प्रत्येक तारखेच्या आदल्या रात्री आशा वर येते आणि दुसऱ्या दिवशी पार्टी नाही, साक्षीदार नाही, न्यायाधीश रजेवर, अशा कुठल्याही कारणानं खाली बसते. असं वर्षभर चाललं की माणूस आशा करायचंच सोडून देतो. बाहेरून हे शांत झाल्यासारखं दिसतं. "आता रुळला तो" असं घरचे म्हणतात. पुष्कळदा ते रुळणं नसतं, नैराश्य असतं.

"आत आहे म्हणजे काहीतरी केलंच असेल." हा दुसरा समज, आणि याच्यापायी या माणसांच्या मनाची विचारपूस करायचं कुणाच्या मनात येत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची 2022 अखेरची आकडेवारी सांगते की देशातल्या तुरुंगांत 5,73,220 बंदी होते आणि त्यांतले 4,34,302 कच्चे, म्हणजे शंभरांत जवळजवळ 76. तुरुंग म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे शिक्षा भोगणारा गुन्हेगार येतो, पण चारांतल्या तिघांचा दोष अजून कुठल्याही न्यायालयानं ठरवलेला नाही. त्यांतले अकरा हजारांहून अधिक जण पाच वर्षांपेक्षा जास्त काळ आत होते. आतली जागा म्हणाल तर मे 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं एका जामीन आदेशात नोंदवलं की आर्थर रोड तुरुंगात पन्नास जणांसाठीच्या एकेका बॅरेकमध्ये 220 ते 250 जण राहतात. तिथं कुशीवर झोपायचं, कूस बदलायची तर शेजाऱ्याला उठवायचं, आणि दिवा रात्रभर चालू. निरोगी माणसाचीही झोप अशा जागी चार-सहा महिन्यांत मोडते, आणि झोपेच्या पाठोपाठ मन.

"पहिले काही दिवस जड जातात, मग सवय होते," असंही सांगतात. पहिले दिवस जड जातात हे खरं, पण किती जड ते बोलणाऱ्याला ठाऊक नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या तुरुंगांतल्या आत्महत्या रोखण्याविषयीच्या मार्गदर्शनात अटकेनंतरचे सुरुवातीचे तास आणि दिवस सर्वांत धोक्याचे मानले आहेत, आणि खटला सुरू व्हायच्या आधी कोठडीत असलेल्यांचा धोका शिक्षा झालेल्यांपेक्षा जास्त धरला आहे. अब्रू गेली, नोकरी जाणार, बायको-मुलांचं काय होणार, हे सगळं एकदम अंगावर येतं. त्यात रोज दारू पिणारा माणूस आत आला की त्याची दारू एका रात्रीत तुटते. दोन ते चार दिवसांत हातपाय थरथरणं, भास, कधी झटके येऊ शकतात. अशा माणसाला कुणी 'वेड्याचं सोंग' म्हणून कोपऱ्यात बसवलं तर ते जिवावर बेतू शकतं. 2022 मध्ये देशातल्या तुरुंगांत 159 अनैसर्गिक मृत्यू नोंदले गेले. त्यांतल्या 119 आत्महत्या होत्या.

तुरुंगात डॉक्टर असतोच की, असं कुणी म्हणेल. ताप-खोकल्यासाठी असतो. मनासाठी किती जण आहेत ते पाहा. इंडिया जस्टिस रिपोर्टनं 2025 मध्ये दाखवलं की देशभरातल्या पावणेसहा लाख बंद्यांमागे मानसोपचारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ मिळून 25. आदर्श कारागृह नियमावली 2016 दर पाचशे बंद्यांमागे एक समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ मागते. गरज किती, याचा एक जुना पण मोठा पुरावा बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेकडे आहे. बंगळुरूच्याच मध्यवर्ती कारागृहात पाच हजारांहून अधिक बंद्यांची तपासणी करून 2011 मध्ये अहवाल निघाला. व्यसनं बाजूला ठेवली तरी चारांत एकाहून अधिकांना निदान करता येईल असा मानसिक आजार होता. देशातल्या प्रौढांमध्ये हे प्रमाण 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 10.6 टक्के आलं. दोन्ही पाहण्यांच्या पद्धती वेगळ्या आहेत, तरी एवढा फरक डोळ्याआड करता येत नाही.

ज्या समजाचा मला सर्वांत जास्त राग येतो तो असा की मनाचा आजार ही त्या माणसाची खासगी बाब आहे, खटल्याशी तिचा संबंध नाही. संबंध फार जवळचा आहे. वकिलाला सांगायचं काय तर त्या दिवशी कुठं होतो, सोबत कोण होतं, कुणाचा फोन आला. ज्याला सहा महिने नीट झोप नाही त्याच्या आठवणी सांडलेल्या असतात. क्रम चुकतो, तारखा चुकतात, आणि उलटतपासणीत तोच खोटारडा ठरतो. किरकोळ गुन्ह्यात तर माणूस थकून "गुन्हा कबूल" म्हणून टाकतो, कारण आत गेलेले दिवस शिक्षेतून वजा होतात आणि कबुली दिली की त्याच आठवड्यात घरी जाता येतं. ती कबुली त्याच्या नावावर जन्मभर राहते. म्हणून "त्यानं स्वतःच कबूल केलं ना" हे वाक्य मला कधीच पुरेसं वाटत नाही.

व्यवस्था विसरली की काय होतं, ते आसामच्या मचांग लालुंग यांच्या बाबतीत दिसलं. 1951 साली विशीतल्या या तरुणाला अटक झाली आणि तेजपूरच्या मनोरुग्णालयात पाठवलं गेलं. 1967 मध्ये डॉक्टरांनी ते बरे झाल्याचं कळवलं. खटला तरीही चालला नाही. ते 2005 मध्ये सुटले, एक रुपयाच्या जातमुचलक्यावर. चौपन्न वर्षं गेली होती. दोन वर्षांनी ते वारले.

"जामीन झाला म्हणजे सुटला." इथं गरीब घरं पुरती फसतात. जामीन मंजूर होणं वेगळं आणि फाटकाबाहेर येणं वेगळं. मधे जामीनदार लागतो, त्याची ऐपत दाखवणारे कागद लागतात, कधी रोख रक्कम. मोतीराम खटल्यात एका गवंड्याकडे दहा हजारांचा जामीन मागितला होता आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून भावाला जामीनदार म्हणून नाकारलं होतं. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती रक्कम हजारावर आणली. त्यानंतर पंचेचाळीस वर्षांनी, जानेवारी 2023 मध्ये, त्याच न्यायालयाला सांगावं लागलं की जामीन होऊनही सात दिवसांत बंदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकानं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं. सुटकेचा कागद झालेला आणि आपण अजून आत, ते दिवस माणसाला फार खातात.

लांबलेल्या कैदेवर कायद्यात तोड आहे, तीही फारशी कुणाला ठाऊक नसते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 नुसार त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा निम्मा काळ आत गेला असेल, आणि पहिलाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश, तर सुटकेचा हक्क निर्माण होतो. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकाहून अधिक खटले अंगावर असलेल्यांना तो लागू नाही. अर्ज करण्याची जबाबदारी अधीक्षकाची आहे. संहिता अमलात आली त्या 1 जुलै 2024 पूर्वीच्या खटल्यांनाही हे कलम लागू होतं, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट 2024 मध्ये स्पष्ट केलं.

निर्दोष सुटला की सगळं मागं पडतं, असंही धरून चालतात. आत गेलेल्या वर्षांची भरपाई देणारा वेगळा कायदा आपल्याकडे नाही. विधी आयोगानं 2018 मध्ये शिफारस केली, तिचा कायदा झाला नाही. दार वाजलं की दचकणं, गर्दीत घुसमटणं, घरच्यांशीही न बोलणं, हे सुटकेनंतर महिनोन् महिने राहू शकतं. त्यावर उपचार आहेत. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत.

त्या बाईंच्या पिशवीतल्या गोळ्या मुलाच्या जुन्या आजाराच्या होत्या. अटकेच्या आधी दोन वर्षं तो त्या घेत होता आणि अटकेच्या दिवसापासून त्या बंद होत्या. घरच्या गोळ्या थेट आत जात नाहीत, हे त्यांना फाटकावर सांगितलं होतं, पुढं काय करायचं ते नाही. करायचं ते असं: डॉक्टरांची चिठ्ठी वकिलाकडे द्यायची, आणि "आरोपीवर उपचार चालू होते, ते तुरुंगात चालू ठेवावेत, मानसोपचारतज्ज्ञाकडून तपासणी व्हावी" असा अर्ज न्यायालयात करायचा. वकील परवडत नसेल तर कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्याच इमारतीत विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय होतं (हेल्पलाइन क्रमांक 15100). आम्ही दोघं जिना चढून गेलो. अर्ज लिहून होईपर्यंत पाच वाजायला आले होते. चिठ्ठीची झेरॉक्स काढायला त्या धावत खाली गेल्या.