त्रेपन्नावा पत्ता येतो कुठून?

धाराशिव, तुळजापूर, उमरग्याकडे सी भाषा शिकायला लागलेली मुलं पत्त्यांचा खेळ लिहायला घेतात, तेव्हा पहिली ठेच बहुधा अ‍ॅरेवर लागते. अ‍ॅरे म्हणजे ओळीने लावलेले कप्पे. 52 पत्त्यांचे कप्पे 0 ते 51 या क्रमांकांचे. लूपमध्ये ‘52 पेक्षा लहान’ऐवजी ‘लहान किंवा समान’ लिहिलं, की प्रोग्राम नसलेल्या त्रेपन्नाव्या कप्प्यात हात घालतो. पायथन तिथल्या तिथे थांबून चूक दाखवते. सी मात्र बहुतेकदा गप्प राहते, शेजारची मेमरी बिघडते आणि दोष भलत्याच ओळीत दिसतो.

पिसण्यातली चूक याहून छुपी. प्रत्येक पत्त्याची बावन्नांतल्या कुठल्याही पत्त्याशी अदलाबदल केली की काम झालं, असं वाटतं. तीनच पत्ते घेऊन बघा. वाटा 3×3×3, म्हणजे 27; रचना मात्र 6. सत्तावीसला सहाने पूर्ण भाग जात नाही, म्हणून काही रचना जास्त वेळा येणारच! संगणकासाठीची बरोबर रीत रिचर्ड डर्स्टनफेल्ड यांनी 1964 मध्ये प्रसिद्ध केली: शेवटच्या पत्त्यापासून सुरुवात करा आणि अदलाबदल अजून जागा न ठरलेल्या पत्त्यांतच करा. आता वाटा 3×2×1, हिशेब जुळला.

सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफाचे पत्ते 120: दहा अवतार, प्रत्येकी बारा. त्यांनाही अ‍ॅरेत शून्यापासून क्रमांक दिले, तर क्रमांकाला 12 ने भागलं, की भागाकारातून अवतार कळतो, बाकीतून पत्ता.

मुलांनो, प्रोग्राम आधी तीन पत्त्यांवर चालवा आणि प्रत्येक फेरीनंतर अख्खा अ‍ॅरे छापून बघा.