बेरीज : रीत आणि अटी

बेरीज आपण बालपणीच शिकतो. त्यामुळे ती पूर्णपणे समजली आहे, असे गृहीत धरतो. वस्तुतः तिच्यासंबंधी दोन प्रश्न संभवतात : ती कशी करावी आणि केव्हा करावी. संस्कृत गणितग्रंथांत या क्रियेला ‘संकलित’ म्हटले आहे. ‘बेरीज’ हा शब्द मराठीत फारसीतून आला.

इंदापूर तालुक्यातील नरसिंहपूर येथे नीरा नदी भीमेला मिळते. वरच्या अंगाला भीमेवर उजनी धरण आहे, तर नीरेवर वीर धरण. पावसाळ्यात दोन्ही धरणांतून पाणी सुटले, की संगमाच्या खाली पंढरपूरकडील नदीकाठचा माणूस विसर्गाचे आकडे ऐकून मनाशी बेरीज करतो. जनावरे आणि धान्य हलवायचे की नाही, हे त्याला वेळीच ठरवायचे असते.

समजा, संगमापाशी भीमेतून ४७,००० व नीरेतून ३८,००० क्युसेक, म्हणजे दर सेकंदाला तितके घनफूट, पाणी येत आहे. हजारांच्या घरातील ७ आणि ८ मिळून १५ होतात. ५ मांडून हातचा १. पुढच्या घरात ४, ३ आणि हातचा १ मिळून ८. उत्तर ८५,०००. हातचा म्हणजे दहा हजारांचा एक गट करून तो डावीकडच्या घरात नेणे. अंक आपापल्या स्थानानुसार मिळवावेत, हाच नियम भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (इ. स. ११५०) सांगितला आहे.

ही झाली रीत. आता अटी पाहू.

(१) परिमाण एकच हवे. घनफूट आणि घनमीटर यांचे आकडे तसेच मिळवता येत नाहीत.

(२) काळ एकच हवा. धरणातून सुटलेले पाणी संगमावर पोहोचण्यास वेळ लागतो. म्हणून धरणांवरील एकाच क्षणीच्या विसर्गांची बेरीज म्हणजे त्या क्षणीचा संगमाखालचा प्रवाह नव्हे.

(३) दुबार मोजणी नको. संगमाखालच्या प्रवाहात नीरेचे पाणी आलेलेच असते. ते त्यात पुन्हा मिळवू नये.

या अटी मोडल्यास आकडेमोड अचूक असूनही उत्तर निरुपयोगी ठरते.

स्वयं-अध्ययन प्रश्न : महिन्याच्या खर्चात उधारीने आणलेल्या किराण्याची किंमत आणि नंतर फेडलेली तीच उधारी, अशा दोन्ही रकमा धरल्या, तर कोणती अट मोडते? सकारण लिहा.