सायलेन्सरमधली महागडी माती

तलासरी तालुक्यात अच्छाडला महाराष्ट्राची हद्द संपते. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरून इथे रात्रंदिवस ट्रक, कंटेनर, मोटारी जातात. त्यातल्या पेट्रोलवर चालणाऱ्या जवळजवळ प्रत्येक नव्या मोटारीच्या पोटाखाली प्लॅटिनम गटातले धातू असतात. असतात काही ग्रॅमच, पण जगभर या गटातल्या पॅलेडियम आणि ऱ्होडियमचा सर्वाधिक खप मोटारींचा धूर स्वच्छ करण्याच्या कामी होतो.

मेकॅनिक ज्याला ‘कॅटकॉन’ म्हणतात तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणजे धुराच्या नळीत बसवलेला स्टीलचा डबा. आत मधाच्या पोळ्यासारखा सच्छिद्र सिरॅमिक ठोकळा, त्याच्या छिद्रांना ॲल्युमिनाचा लेप आणि लेपात या धातूंचे अतिसूक्ष्म कण. प्लॅटिनम आणि पॅलेडियम कार्बन मोनॉक्साइडचे व न जळलेल्या इंधनाचे ज्वलन पुरे करतात. ऱ्होडियम नायट्रोजनच्या ऑक्साइडमधून ऑक्सिजन सोडवतो. हे करताना धातू स्वतः खर्ची पडत नाहीत.

मात्र त्यांच्या अटी कडक. डबा साधारण 250 ते 300 अंश सेल्सियसपर्यंत तापल्याखेरीज काम नीट सुरू होत नाही, म्हणून गार इंजिनाचा पहिला धूर सर्वांत घाण. पेट्रोलमधले शिसे तर या धातूंचे विषच. म्हणूनच 1 एप्रिल 1995 पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला, तेव्हा सोबत शिसेविरहित पेट्रोलही आणावे लागले. 2020 मध्ये बीएस-6 हे प्रदूषण मानक आले आणि इंधनातले गंधकही दहा लाखांत दहा भागांवर उतरले. डिझेल ट्रकमध्ये प्लॅटिनम-पॅलेडियम ज्वलन पुरे करतात. नायट्रोजनच्या ऑक्साइडसाठी चालक वेगळ्या टाकीत युरियाचे द्रावण भरतो.

तलासरीशेजारच्या डहाणूला स्वच्छ हवेची किंमत ठाऊक आहे. 1991 मध्ये हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला. 1996 मध्ये न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली तालुक्यासाठी पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले. त्याच्या पाठपुराव्यामुळे इथल्या 500 मेगावॉटच्या औष्णिक केंद्राला धुरातले गंधक समुद्राच्या पाण्याने धुणारी यंत्रणा 2007 मध्ये बसवावी लागली. चिमणी एकच होती, म्हणून तिच्यावर नजर ठेवता आली. महामार्गावरच्या हजारो धुराड्यांवर पीयूसी तपासणीची नजर पडते ती अधूनमधून, तीही वरवरची.

त्यात चोरांनीही हे धातू ओळखले. महाराष्ट्र-गुजरातेत मारुती ईकोचे सायलेन्सर चोरीला जाऊ लागले ते आतल्या ‘माती’साठी. ही माती म्हणजे कन्व्हर्टरचा भुगा. मालक पुष्कळदा स्वस्तातली पोकळ नळी लावून मोकळा होतो. गाडी धावते. विषारी वायू मात्र थेट बाहेर पडतात.

तेव्हा सायलेन्सर बदलताना आत कन्व्हर्टर आहे ना, हे पाहून घ्या आणि पक्के बिल मागा. गाडी मोडीत काढायची तर अधिकृत केंद्रातच द्या. भारताला हे धातू मुख्यतः आयात करावे लागतात, आणि जुन्या डब्यातून ते पुन्हा काढता येतात.